हळदीच्या मांडवातला शेवटचा घटक

जालना जिल्हा झाला त्याच सुमारास मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. पुढची बरीच वर्षं माझं काम दोन प्रकारचं होतं. तालुक्यांहून आलेल्या बातम्यांतली विशेषणं काढायची आणि जे अजून घडलेलंच नाही ते कापायचं. दुसरं काम जास्त जोखमीचं. गावोगावचे वार्ताहर लग्नाची बातमी आदल्या दिवशीच लिहून एसटीच्या चालकाकडे देत, म्हणजे ती वेळेत पोचे. 'शुभविवाह मोठ्या उत्साहात संपन्न झाला' आणि खाली उपस्थितांची नावं. एकदा अशा संपन्न झालेल्या लग्नात नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली. वधूपित्याने रिकाम्या मांडवात बसून आपल्या मुलीचं लग्न लागल्याचं आमच्या अंकात वाचलं. तेव्हापासून आमच्या टेबलावर नियम झाला : घडल्याशिवाय बातमी नाही.

नोकरी संपल्यावर हा नियम घेऊन मी शिकवायला लागलो. एका मुक्त विद्यापीठाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी वार्तालेखनाचा पेपर इंटरनेटवरून शिकवणारा माणूस हवा होता. वर्ग नाही, घंटा नाही, हजेरी नाही. पेपरचे आठ घटक. विद्यार्थ्याने घटक वाचायचा, स्वाध्याय लिहून पाठवायचा, मी तो जालन्यात घरी बसून तपासायचा. मी गुण दिले की त्याच्या पडद्यावर 'पुढे' असं हिरवं बटण उमटे. ते दाबलं की पुढचा घटक उघडे. ज्याला महिन्यात संपवायचं त्याने महिन्यात संपवावं, ज्याला वर्ष लागेल त्याने वर्ष घ्यावं. विद्यापीठाच्या पत्रकात या सोयीचं फार कौतुक होतं.

माझ्या पडद्यावर प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक आडवी पट्टी दिसे. तो जितका पुढे जाईल तितकी ती भरे. काही दिवसांत मला पट्ट्यांवरून माणसं ओळखू येऊ लागली. राजूरचा एक विद्यार्थी गणपतीच्या देवळासमोर नारळ-प्रसादाचं दुकान चालवी. त्याची पट्टी चतुर्थी आली की गोठून जाई आणि चतुर्थी सरली की उड्या मारी. जालन्यातले नोकरदार रविवारी सरकत. सगळ्यांचं आपापलं चाललं होतं. अपवाद कुंभार पिंपळगावचा. तिथल्या आठ-नऊ जणांच्या पट्ट्या कायम एका रेषेत असत. दिवसचे दिवस काही हालचाल नसे. मग बाजाराच्या दिवशी दुपारी सगळ्या पट्ट्या एकदम एक घर पुढे सरकत आणि पुन्हा थांबत.

नक्कल म्हणावी तर स्वाध्याय एकमेकांसारखे नव्हते. त्यातली एक मुलगी तर उत्तम लिही. छोटी वाक्यं, विशेषण शोधूनही सापडायचं नाही. तिचा स्वाध्याय घटक उघडला की दुसऱ्याच दिवशी येई, मी त्याच दिवशी गुण देई, हिरवं बटण उमटे आणि ती ते दाबत नसे. मी संदेश पाठवला : 'तुम्ही पुढे जाऊ शकता.' उत्तर आलं : 'हो सर. थांबले आहे.' मी विचारलं, कशासाठी? उत्तर आलं : 'अजून सगळ्यांना वाढून झालं नाही.'

या वाक्याचा अर्थ लागेना, म्हणून बाजाराच्या दिवशी मी कुंभार पिंपळगावला गेलो.

गावातलं इंटरनेट बी-बियाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. एक संगणक, टेलिफोनची एक तार, बसायला सरकीच्या बियाण्याची पोती. दुकानदाराने संगणकावर प्लास्टिकची फुलाफुलांची चादर घातली होती. ती तो हाताने काढी आणि हाताने घाली, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पोत्यांवर माझे विद्यार्थी ओळीने बसले होते. दोन शेतकऱ्यांची मुलं, एक अंगणवाडी सेविका, पतसंस्थेतला एक कारकून आणि असेच दोघं-तिघं. टोकाला ती मुलगी. आणि संगणकापुढे एसटीचा एक कंडक्टर, वय पन्नाशीच्या घरात, एका बोटाने टाइप करत होता. तिकिटाला भोक पाडावं तसं एकेका अक्षरावर नेम धरून बोट मारी.

"या सर," तो मान न वळवता म्हणाला. "जरा थांबा. माझं तेवढं राह्यलं. आठवड्यातून एकच सुट्टी भेटते, म्हणून सगळे माझ्यासाठी बसून राह्यले."

"पण यांनी तुमच्यासाठी का थांबायचं?" मी विचारलं. "हा पेपर ज्याच्या त्याच्या सवडीचा आहे."

जेवताना पान ओलांडून जाणाऱ्याकडे बघावं तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. शेवटी अंगणवाडी सेविका समजुतीच्या सुरात म्हणाली, "सर, पंगतीत बसल्यावर शेवटच्या पानावर वरण पडल्याबिगर पहिल्यानं घास घ्यायचा असतो का?"

"नाही."

"मंग? तेच की."

कंडक्टरचा स्वाध्याय गेला. मी तिथल्या तिथे, त्याच संगणकावर माझ्या नावाने आत शिरून, तो तपासला. त्याने अपघाताच्या बातमीत बसचा नंबर, मार्ग, सुटण्याची वेळ आणि थांबे सगळे दिले होते. अपघात कुठे झाला ते राहिलं होतं. मी पास केलं. खोलीत जोरात आवाज घुमला, "पार्वतीपते हर हर महादेव!" आणि मग एकेक जण उठून आपापल्या नावाने आत शिरला आणि हिरवं बटण दाबून आला. पंगतीत गजर झाल्यावर घास उचलावा, अगदी तसं. दुकानात खत घ्यायला आलेला एक शेतकरी बाहेरूनच ओरडला, "कोणाकडं जेवण हाये रे?"

मी जालन्याच्या गाडीत बसलो आणि अंबडपर्यंत एकटाच हसत राहिलो. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून जागा बदलली.

विद्यापीठाला मी काही कळवलं नाही. पत्रकात पंगतीविषयी काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे मनाईही नव्हती. सगळं असंच चालू राहिलं असतं, पण पाचव्या घटकानंतर त्या मुलीचं लग्न अलीकडे ओढलं गेलं. आधी उन्हाळ्यात ठरलं होतं. मुलगा सैन्यात. त्याची रजा आधी मंजूर झाली आणि मुहूर्त थेट पंधरवड्यावर आला. सासर भोकरदनकडे, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला, मळ्यात. तिथे टेलिफोन नव्हता.

तिने संदेश पाठवला. तिचा तो सगळ्यात लांब संदेश. थोरल्या बहिणीने शेवटच्या वर्षाचा एक पेपर ठेवून लग्न केलं होतं, सासरी जाऊन देऊ म्हणून. 'तिची पुस्तकं अजून पेटीत आहेत. त्यावर आता धान्याचा डबा ठेवतात. मला लग्नाच्या आधी संपवायचं आहे. बाकीचे पेपर झाले, हा एकच राहिला. पण पंगत मोडता येत नाही. तुम्ही सांगितलं तरी मला दाबता येणार नाही.'

तीन घटक राहिले होते आणि कंडक्टरच्या दोन सुट्ट्या. माझ्या पदरचे वीस वर्षांचे नियम चाळूनही याला उत्तर सापडेना. मी पुन्हा बाजाराच्या दिवशी गेलो. पोत्यांवर सगळे नुसतेच बसले होते. मुलगी खाली बघत होती. दुकानदाराने चादरसुद्धा काढली नव्हती.

तोडगा कंडक्टरने काढला. तो उशिरा आला, त्याला कुणीतरी हकिकत सांगितली आणि तो दारातच खेकसला.

"येडे का काय तुम्ही? पंगत पंगत काय लावलंय! ज्याला गाडी धरायची त्याला आपुन काय करतो?"

त्याने पिशवी पोत्यावर आपटली.

"पहिल्या पंगतीला बसवतो! आधी जेवू घालतो, अन् मंग आपुन निवांत बसतो. पोरीला गाडी धरायचीय. तिला बसवा पहिल्या पंगतीला. बाकीचे दुसऱ्या पंगतीला."

"बराबर हाये," दुकानदार म्हणाला आणि त्याने झटकन चादर ओढली.

"दाब गं माय, दाब," अंगणवाडी सेविका म्हणाली. "जल्दी दाब, न्हाई तर ह्यो माणूस पुन्हा इचार बदलन."

मुलीने हिरवं बटण दाबलं. तोंडावर पदर धरून ती इतकी हसत होती की तिला पडदा दिसत नसावा.

सहावा घटक तिने दोन दिवसांत संपवला. मग उसाच्या ट्रकने टेलिफोनची तार तोडली. तार जोडली तेव्हा वीज गेली. वीज आली तेव्हा पडद्यावर माझ्या सूचनांच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले, कारण कुणीतरी फाँट उडवला होता. सातवा स्वाध्याय हळदीच्या आदल्या दिवशी गेला. आठवा राहिला, आणि घरापुढे मांडव उभा राहिला.

मी हळदीच्या दिवशी सकाळी पोचलो. आमंत्रण लग्नाचं होतं, पण मी सातव्याचे गुण दिलेले आणि आठवा अर्धवट, त्यामुळे घरी बसवेना. मुलीच्या दारात वाद जुंपला होता. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला तिची आत्या. घरातलं सगळं लग्न आत्याच्या हुकमाने चाललं होतं.

"मांडव पडला की नवरीनं पायरी उतरायची न्हाई," आत्या सांगत होती. "चार गल्ल्या ओलांडून खताच्या दुकानात जाती म्हणं! बिलकुल न्हाई."

"आत्या, एकच राह्यलंय."

"तुझ्या बहिणीचं बी एकच राह्यल्तं. काय झालं? दोन पोरं झाली."

मुलगी पायरीच्या आत, उंबऱ्याला पायाचे अंगठे लावून उभी राहिली. बाहेर पडलीही नाही आणि आतही जाईना. बांगड्या भरणारी बाई खोळंबली. ते बघून दुकानदार, जो पानसुपारीला आला होता, निघून गेला. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी खताची हातगाडी दिसली. गाडीवर तीन गोधड्या, त्यावर संगणक आणि त्यावर फुलाफुलांची चादर. कंडक्टर पडदा मांडीवर घेऊन गाडीतच बसला होता.

"सरका, सरका! पुढं सरकून घ्या!" तो सवयीने ओरडत होता. "मधी जागा हाये!"

संगणक मांडवाच्या कोपऱ्यात, देवकाच्या पाटाशेजारी, बसवला. शेजाऱ्यांच्या टेलिफोनची तार खिडकीतून ओढून आणली. विजेचा पत्ता नव्हता, पण हळदीच्या गाण्यांसाठी भाड्याचं जनरेटर आलं होतं. ते लावल्यावर एक तांत्रिक बाब लक्षात आली. जनरेटरला दोन्ही झेपत नव्हतं. स्पीकर लावले की पडदा बारीक होई, पडदा लावला की गाणं रडायला लागे.

"गाणं बंद कर रे!" कंडक्टरने हुकूम सोडला.

"अन् हळद काय मुक्यानं लावायची?" नाचायच्या तयारीत असलेला मुलीचा मामा म्हणाला.

"पोरगी पेपर लिहून राह्यली, दिसत न्हाई का? अर्धा घंटा थांब. कमरेला आराम दे."

आठव्या घटकाचा स्वाध्याय असा होता : स्वतः हजर असलेल्या एका प्रसंगाची बातमी लिहा. मुलीने मांडवाकडे एकदा नजर फिरवली आणि लिहायला बसली. मी मुद्दाम मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पडद्याकडे पाठ करून, खुर्ची टाकली. शिक्षकाने परीक्षार्थीजवळ बसू नये. हे तत्त्व मी मोठ्याने सांगितलं आणि कुणीही ऐकलं नाही. बायका तिच्याभोवती गोल करून बसल्या. मोठ्याने जात्यावरची गाणी म्हणता येईनात म्हणून पुटपुटू लागल्या.

दोनदा लिंक तुटली. दोन्ही वेळा शेजाऱ्यांकडे आत्या टेलिफोन उचलून परभणीच्या पाहुण्यांना निघालात का ते विचारत होती. तिसऱ्या वेळी दुकानदाराने टेलिफोनजवळ आपला माणूस उभा केला. तिने त्यालाच पाणी आणायला पाठवलं आणि पुन्हा टेलिफोन उचलला.

तेवढ्यात मुलाकडची उष्टी हळद घेऊन जीप आली. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी. जीपमधून पाच-सहा बायका उतरल्या, पुढे मुलाची मावशी, हातात हळदीची वाटी. मांडव चिडीचूप. गाणं नाही, नाच नाही, आणि नवरी कोपऱ्यात पाठ करून यंत्राशी काहीतरी खुडबुडतेय. मुलीच्या आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आत्यासुद्धा टेलिफोन सोडून धावत आली.

मावशी सरळ संगणकाजवळ गेली. पडदा पाहिला, खालचा डबा पाहिला, फुलाफुलांची चादर दोन बोटांनी उचलून पाहिली.

"आंदणात कंप्यूटर बी देऊन राह्यले का, इहीणबाई?"

"न्हाई! न्हाई!" दुकानदार मांडवाच्या त्या टोकाहून ताटं ओलांडत आला. "माझं हाये ते! दुकानाचं हाये!"

मावशी हसली. मग तिच्या मागच्या बायका हसल्या, मग मांडवच हसला. मुलीची आई हसता हसता खाली बसली. कंडक्टरने पुढे होऊन सगळी हकिकत सांगितली, पहिली पंगत आणि दुसरी पंगत यांसह. मावशीने विचारलं, "म्हंजे हे संपलं की बी.ए. झाली?"

"झाली."

"अन् न्हाई संपलं तर?"

"तर पेटीत," मुलगी लिहायला बसल्यापासून पहिल्यांदा बोलली. मान वळवली नाही. "ताईसारखं."

मावशीने वाटी आत्याच्या हातात दिली. "मंग लिही बाई. हळद काय, तशी बी लावता येती." आणि तिने वाकून मुलीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मुलगी टाइप करत राहिली. त्यानंतर बायकांनी ओळ लावली. दंडांना लावली, कपाळाला लावली, पायांना लावली. हात मोकळे सोडा, असं कंडक्टर ओरडत होता, पण बोटांपर्यंत ओघळ आलेच. कळफलक पिवळा झाला. दुकानदार फक्त "अरे अरे अरे" एवढंच म्हणू शकत होता.

"सर," मुलीने हाक मारली. "पाठवलं."

आता तपासायचं मला होतं, आणि संगणक तोच. ती पाटावरून उठली, मी बसलो. नवरीच्या जागी बसलेला माणूस बघून बायकांना राहवलं नाही. क्षणात माझ्या दोन्ही गालांना हळद होती. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो.

बातमी दहा-बारा ओळींची होती. कुंभार पिंपळगाव येथे आज हळदीचा कार्यक्रम झाला. वीज नव्हती. जनरेटरवर एका वेळी गाणे किंवा संगणक यापैकी एकच चालत असल्याने गाणे बंद ठेवण्यात आले. मुलाकडील हळद वेळेआधी पोचली. नवरी त्या वेळी लिहीत होती. वराच्या मावशींनी तिला लिहू दिले. एका मामांनी गाण्याविना नाचण्यास नकार दिला. कुठेही 'मोठ्या उत्साहात' नव्हतं, तरी मांडव डोळ्यांसमोर दिसत होता. सगळ्यात खाली एक वेगळी ओळ होती :

'लग्न उद्या आहे. त्याची बातमी आज देता येत नाही.'

मी ती ओळ दोनदा वाचली. टेबलावर असतो तर ती पहिल्या पानावर घेतली असती.

"सर, गुण द्या ना पैकीच्या पैकी," मागून एक बाई म्हणाली. "पोरगी सासरी चाल्ली."

त्या कारणाने मी एक गुण कापणार होतो. नाही कापला. गुण भरले, पिवळ्या बोटाने 'नोंदवा' दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि फिरत राहिलं. शेजारच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला, "हॅलो? अजून घरीच का?" आणि दुकानदार, मामा आणि टेलिफोनपाशी ठेवलेला माणूस, तिघंही एकदम खिडकीकडे धावले.

पण त्याआधीच पान उघडलं होतं. गुण गेले होते. मी उठलो, लिंक पुन्हा जोडली, मुलगी बसली, आपल्या नावाने आत शिरली. या वेळी 'पुढे' असं बटण नव्हतं. 'पूर्ण' असं होतं. तिने मागे वळून कंडक्टरकडे पाहिलं.

कंडक्टरचा सहावा घटक अजून चालू होता. त्याने दोन्ही हात वर केले आणि छाती भरून ओरडला, "पार्वतीपते हर हर महादेव!"

मुलीने बटण दाबलं. आणि सगळा मांडव, ज्याला माहीत होतं तो आणि ज्याला नव्हतं तो, एका आवाजात गरजला, "हर हर महादेव!"

मांडवामागे आचारी कांदा चिरत होते. गजर ऐकून त्यांना वाटलं पंगत बसली. पत्रावळ्या पटापट पडल्या, मिठाची बोटं लागली, वाढपी लोणच्याच्या बादल्या घेऊन पळत आले. पत्रावळ दिसल्यावर लोक बसले. मावशी बसली, मामा बसला, हळद लागलेली मुलगी कंडक्टरने दंडाला धरून अगदी पहिल्या पानावर बसवली.

भात अजून चुलीवर चढायचा होता.